बुद्धीचा आकडा येतो कुठून?
(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



बुद्धिदात्या बाप्पासमोर आज आम्ही बुद्धीच्या आकड्याबद्दल बोलणार आहोत. निमित्त घरचेच. आमच्यातल्या एका घरातला मुलगा तिसरीत मागे पडू लागला. इंग्रजीतून चाचणी झाली, बुद्ध्यांक फार कमी आला. चार दिवस घरात कुणी धड जेवले नाही. पुढे मराठीतून चाचणी झाली, तेव्हा तोच मुलगा सर्वसाधारण निघाला. मग आम्ही सगळे विचारू लागलो, ही चाचणी बनते तरी कशी?

१९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमॉन यांनी शाळेत जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये मुंबई-कर्नाटक भागातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूप घडवले. तीच बिने-कामत चाचणी. हे नुसते भाषांतर नव्हे. एका भाषेतला सोपा प्रश्न दुसरीत अवघड होतो, म्हणून प्रश्न पुन्हा मुलांना विचारून पाहावे लागतात.

काय मोजायचे ते आधी ठरते. मग गरजेपेक्षा बरेच जास्त प्रश्न लिहून ते मुलांना देतात. सगळ्यांना येणारा किंवा कुणालाच न येणारा प्रश्न फारसा उपयोगी नसतो. हुशार मुले चुकतात आणि कच्ची मुले बरोबर सोडवतात, असा प्रश्नही गळतो. काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घेतली तर निकाल जवळपास तोच यायला हवा, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाते का, ही यथार्थता. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज आठवा. पायांचा वेग मोजायचा तर कार्तिकेय जिंकला, समज मोजायची तर गणपती!

शेवटी येतात मानके. मोठ्या संख्येने मुलांची चाचणी घेऊन त्या त्या वयाची सरासरी काढतात आणि तिला १०० धरतात. म्हणजे आकडा एकट्या मुलाचा नसतो. तो त्या मुलांशी केलेल्या तुलनेचा असतो.

आता आपल्या सिल्वासाकडे पाहा. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. शेजारच्या पाड्यावरचे मूल वारली बोलत शाळेत येते. मुंबईच्या लोकलवरचा प्रश्न या मुलांना अडला, तर त्यात बुद्धीचा दोष कुठला?

चाचणी वाईट नाही. वेळेवर केली तर मुलाला योग्य मदत मिळते, म्हणून ती टाळू नका. फक्त तज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा : चाचणी कोणत्या भाषेत घेतली? मानके कोणत्या मुलांवर काढली? ती किती जुनी आहेत? आणि तो आकडा मुलासमोर किंवा नातेवाइकांत कधीही उच्चारू नका. आमच्याकडून ती चूक झाली. मुलाने ते ऐकले होते, आणि दुसरा आकडा आल्यावरही तो पहिलाच विसरत नव्हता.

गणपती बाप्पा मोरया!