इटलींतील जेवणाची वेळ

उन्हाळ्यांत इटलीस जाणारा प्रवासी प्राचीन अवशेष व चित्रें पाहण्याची तयारी करून निघतो. जेवणाच्या वेळा मात्र विचारून घेत नाहीं. मग दुपारीं चार वाजतां रोमच्या गल्लींत तो भुकेला उभा असतो आणि बहुतेक खाणावळी बंद! तेथें दुपारचें जेवण साधारणतः साडेबारा ते अडीच, व रात्रींचें आठाच्या सुमारास. दक्षिणेंत तर नऊही वाजतात. मधल्या वेळीं चुली थंड असतात. १५ ऑगस्टच्या ‘फेरागोस्तो’ सणाच्या आसपास तर पुष्कळ खाणावळी कांहीं दिवस उघडतच नाहींत.

न्याहारी म्हणजे कॉफी व एखादा गोड पाव. दुधाची ‘कापुचीनो’ सकाळींच घ्यावी, जेवणानंतर लहानशी काळी कॉफी, असा संकेत आहे. उभ्यानें प्यालेली कॉफी स्वस्त पडते. मेजावर बसल्यास बहुधा अधिक दाम पडतो.

भोजनांत आधीं पास्ता किंवा भात, मागाहून मांस वा मासे. भाजी निराळी मागवावी लागते. शाकाहारी महाराष्ट्रीयानें विशेष जपावें. पास्त्यावर किसून घालतात तें ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीज वासराच्या जठरांतील रसानें विरजलेलें असतें. तें नको असल्यास आधींच सांगणें इष्ट.

ही शिस्त जाचक भासते खरी; पण तिच्यामुळेंच कुटुंब एका मेजाभोंवतीं जमतें. पंक्ति उठल्यावर येणाऱ्याची गत ज्यानें घरीं पाहिली आहे, त्यास ती परकी वाटूं नये.