इंजिन आधी तापवा, मग चालू करा



भर उन्हाळ्यात थंडीचा विषय घेतला, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींची मुलं कॅनडात विनिपेगला, सास्काटूनला, एडमंटनला असतात. तिथे जानेवारीत पारा उणे ३०च्या खाली जातो. तिथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते, तिच्या टोकाला साधा प्लग. पार्किंगमध्ये जागोजागी खांबांवर त्यासाठी सॉकेट बसवलेले असतात. हा ब्लॉक हीटर.

कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्यांना त्याची जागा चटकन कळेल. इंजिनाचा ब्लॉक ओतताना पाणी फिरण्याच्या वाटांसाठी आत वाळूचे कोअर ठेवावे लागतात. ओतीव निवल्यावर ती वाळू काढायला बाजूला भोकं लागतात, आणि ती नंतर पत्र्याच्या बुचांनी बंद करतात. बहुतेक गाड्यांत त्यातलंच एक बूच काढून तिथे विजेची कॉइल बसवतात. कॉइल कूलंट तापवते, कूलंट आपोआप वर चढतं आणि ब्लॉक ऊबदार होतो. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ साली पेटंट मिळालं ते जरा वेगळ्या हीटरचं. त्यांनी सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्याजागी आतून तापणारा पोकळ बोल्ट बसवला. त्याआधी उत्तरेकडचे वैमानिक रात्री इंजिनातलं गरम ऑइल काढून घरात नेत आणि सकाळी तापवून परत ओतत. माणसांनी एवढा खटाटोप केला, यावरूनच गरज केवढी होती ते दिसतं.

थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, त्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. नेमकी त्याच वेळी बॅटरी हात आखडते. उणे १८ अंशांना तिची ताकद साधारण निम्म्यावर येते. गाडी चालू होत नाही ती यामुळे, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त काळजी वाटते ती चालू होणाऱ्या गाडीची. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन जादा पेट्रोल ओढतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच मिसळतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अजून गारच असतो, त्यामुळे विषारी वायू तसाच बाहेर पडतो. अलास्कातल्या फेअरबँक्सला हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत कोंडून राहते, आणि तिथे हा कार्बन मोनॉक्साइड साऱ्या शहराचा प्रश्न झाला होता. गाडी अर्धा तास उभ्याउभ्या चालू ठेवून तापवणं हा म्हणूनच उपाय नव्हे. बंद गॅरेजात तर ते जीवघेणं आहे.

आता हिशेब. ४०० वॉटचा हीटर निघण्याआधी दोन तास लावला तर एक युनिटही जळत नाही. रात्रभर, १२ तास ठेवला तर ४.८ युनिट जातात, आणि फायदा वाढत नाही, कारण काही तासांनी ब्लॉक जेवढा तापायचा तेवढा तापलेला असतो. म्हणून टायमर हवाच. कॅनडा सरकारचं ऊर्जा खातंही दोन तासच सांगतं. त्यांच्या मते उणे २० अंशांना हीटरमुळे इंधनात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

वाऱ्यामुळे ‘जाणवणारं’ तापमान इंजिनाला लागू नाही, हेही मुलांना सांगा. वाऱ्यात इंजिन लवकर निवतं, पण हवेपेक्षा गार होत नाही.

वायर बाहेर वापरायची, अर्थिंगची, जाड तारेची असावी. कूलंट कमी असताना हीटर लावू नये. कॉइल कोरडी पडून जळते. आणि जुनी गाडी घेतली असेल, तर ऑक्टोबरमध्येच मल्टीमीटर लावून पाहावं. तिथली वीज १२० व्होल्टची, तेव्हा ४०० वॉटच्या हीटरचा रोध ३६ ओहमच्या आसपास दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर वायर किंवा कॉइल तुटलेली आहे. बर्फ पडायच्या आत ती बदलून घ्यावी.