पुरीमचे सोंग आणि भाडेकरूंचा लढा



यहुदी पंचांगातील अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी पुरीम हा सण येतो. कोकणातील बेने इस्रायल समाज त्याला 'होळीचा सण' म्हणत आला, यावरूनच त्याची प्रकृती ध्यानात यावी. हिंदुस्थानापासून कूशपर्यंतच्या 127 प्रांतांचा राजा अहश्वेरोश याच्याकडून हामान हा प्रधान यहुद्यांच्या संहाराचा हुकूम मिळवतो आणि राणी एस्तेर व मर्दखय तो डाव उलटवतात, ही कथा त्या दिवशी वाचली जाते. हामानाचे नाव आले की श्रोते खुळखुळे वाजवून ते बुडवतात. पूर्व युरोपात शिकाऊ कारागीर व विद्यार्थी सोंगे घेऊन घरोघर या कथेचे खेळ करीत. एरवी ज्यांच्यापुढे मान लववायची, त्या धनिकांची त्या दिवशी थट्टा चाले.

याच प्रदेशातून आलेले यहुदी कामगार न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील कोंदट चाळींत राहिले. 1907 च्या मंदीतही भाडी वाढली, तेव्हा पॉलीन न्यूमन या कोवळ्या वयाच्या कामगार मुलीच्या पुढाकाराने सुमारे 10,000 कुटुंबांनी भाडेबंदी पुकारली. भाडी कमी झाली ती सुमारे 2,000 कुटुंबांचीच.

वांशिक व आर्थिक न्यायासाठी झटणाऱ्या, 1990 मध्ये स्थापन झालेल्या तेथील एका यहुदी संघटनेने या शतकात नाट्यकर्मींच्या साहाय्याने पुरीमचा खेळ पुन्हा चळवळीत आणला आहे. प्रचंड बाहुल्या, मुखवटे, बँड यांच्या गजरात घरकामगार स्त्रियांचे हक्क, भाडेकरूंची हकालपट्टी असे चालू प्रश्न रंगमंचावर येतात. पुरीमला किमान दोन गरिबांना दान देणे हे धर्मकर्तव्य आहे. परंतु दानाने एका महिन्याचे भाडे भागेल, पुढच्या महिन्याचे काय, हा प्रश्न ही मंडळी सोडत नाहीत.

अशा खेळात घरमालकाला हामान करण्याचा मोह मोठा असतो. प्रेक्षकही खूश होतात. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो सोपा मार्ग होय. जमिनीची टंचाई आणि तिच्यावरील मक्तेदारी यांतून उपजणारे उत्पन्न मालक सज्जन असला तरी वाढतच राहते. मूळ कथा या बाबतीत अधिक शहाणी आहे. हामान फासावर चढतो, पण राजमुद्रेचा हुकूम रद्द होऊ शकत नाही. म्हणून यहुद्यांना स्वसंरक्षणाचा अधिकार देणारा दुसरा हुकूम काढावा लागतो. (त्यानंतरच्या कत्तलीची वर्णने वाचताना आजचा सुजाण यहुदीही अस्वस्थ होतो, हे नमूद केले पाहिजे.)

न्यूयॉर्कच्या भाडेकरूंनी असा दुसरा हुकूम अनेकदा मिळवला. 1920 मध्ये भाडेसंपांच्या लाटेनंतर आणीबाणीचे भाडेकायदे झाले. 2019 च्या कायद्याने भाडेनियंत्रित घर रिकामे होताच ते नियंत्रणाबाहेर काढण्याची वाट बंद केली आणि अनामत एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली. 2024 मध्ये सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढण्यास बंदी आली. मात्र 10 पर्यंत घरे असलेले मालक आणि 2009 नंतरच्या इमारती यांना तीतून सूट मिळाली. त्या घरांतील भाडेकरूंच्या हाती अद्याप दुसरा हुकूम पडलेला नाही.