आकाशातील कसरती, जमिनीवरील शिस्त
(सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



विमानांचे किंवा मोटारींचे प्रदर्शन पाहावयास मिळणे म्हणजे मुलांना दिवाळीच. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी 'एरो इंडिया' भरते. तेथे तेजस झेपावते, सूर्यकिरण पथकाची विमाने एकमेकांना जणू खेटून गिरक्या घेतात आणि शाळकरी मुले माना वर करून पाहत राहतात.

या दोन्ही यंत्रांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. पुढे नाशिकजवळील ओझर येथेही लढाऊ विमाने तयार होऊ लागली. मुलांना असा सोहळा अवश्य दाखवावा.

आज मात्र मी बोलणार आहे तो सोहळा पाहणाऱ्या माणसांविषयी. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे एक विमान आकाशातच मोडले. त्याचे भाग गर्दीत कोसळून २९ प्रेक्षक दगावले. त्यानंतर प्रेक्षकांच्या डोक्यावरून कसरती न करण्याचे व अंतर राखण्याचे नियम कडक झाले. १९५५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे शर्यतीची मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक बळी गेले.

पण यंत्र बिघडले नाही म्हणजे सारे सुरक्षित, असे मात्र नाही. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी 'एरो इंडिया'च्या वाहनतळावर आग लागली. वाळलेले गवत, लगत उभ्या केलेल्या गाड्या आणि वारा. सुमारे तीनशे मोटारी जळाल्या. सुदैवाने या आगीत प्राणहानी झाली नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई कसरतींसाठी लाखो लोक लोटले. विमाने सुखरूप उतरली. तथापि त्या दिवशीच्या उन्हात व गर्दीत पाच प्रेक्षकांचा अंत झाला.

आपणांस हे दूरचे वाटेल. पण २००५ मध्ये सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत गेले, हे आपण विसरू शकत नाही. जत्रा असो, बैलगाडा शर्यत असो वा कुस्त्यांचा फड असो, प्रश्न तोच आहे.

म्हणून चार गोष्टी आधीच ठरवाव्यात. पहिली, शर्यतीची धाव आणि प्रेक्षक यांच्यामध्ये भक्कम अडसर व मोकळी जागा असावी. धाव जिथे संपते तिथे कोणालाही उभे राहू देऊ नये. दुसरी, वाहनतळावरील गवत कापावे, रांगांमध्ये बंब जाईल एवढी वाट ठेवावी. तिसरी, पिण्याचे पाणी व सावली गर्दी असेल तेथेच असावी, एका टोकाला नव्हे. चौथी, येण्याची व जाण्याची वाट वेगळी असावी आणि रुग्णवाहिकेचा मार्ग कोणत्याही पाहुण्यासाठी अडवू नये.

शिक्षकांनी सहलीपूर्वी मुलांचे गट पाडावेत, हरवल्यास भेटावयाची जागा दाखवून ठेवावी, प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी द्यावी.

या कामांना मोठा निधी लागत नाही. आठ दिवस आधी एक बैठक आणि जागेची प्रत्यक्ष पाहणी लागते. येत्या जत्रेच्या आधी ही बैठक आपण आपल्या गावी घ्यावी, एवढीच विनंती.