फिट नेमकी कुठून सुरू होते?

आज शिरूरहून बोलतोय, मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

माझा आतेभाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. 'होता', कारण त्याला फिट येतात. हातपाय झाडत पडतो असं नाही. बोलता बोलता थांबतो, नजर एका जागी, ओठ चाटत राहतो आणि मिनिटभराने विचारतो, "काय झालं रे?" लोकांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडला. दोन्हीचा काही उपयोग नसतो बरं का. फिट येऊन कुणी पडलं तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांवर गेलं तर सरळ दवाखाना.

दोन औषधं नीट घेऊनही त्याच्या फिट थांबल्या नाहीत. एपिलेप्सीच्या साधारण एक तृतीयांश पेशंटचं असंच होतं. मग ऑपरेशनचा विषय निघतो: फिट जिथून सुरू होते तेवढाच भाग काढायचा. पण याचा एमआरआय एकदम क्लिअर. मग काढायचं काय?

इथे सोर्स इमेजिंग येतं. साध्या ईईजीत डोक्याला विसेक वायरी लावतात, यात 128, कधी 256. समजा गणपतीत तुम्ही दारं-खिडक्या लावून बसलाय आणि ढोल कुठल्या आळीत वाजतोय ते सांगायचंय. घोडनदीच्या काठावरचं मोठं पथक आणि शेजारच्या गल्लीतलं छोटं, आवाज सारखाच वाटेल. कवटी म्हणजे ती भिंत. आतली वीज पसरवून, पुसट करून बाहेर सोडते. एका घरातून नाही कळणार, पण दोनशे घरांतून एकाच क्षणी कान लावला तर? तरीही गणिताला एकच उत्तर नसतं, काही गोष्टी गृहीत धराव्याच लागतात. म्हणून पेशंटच्याच एमआरआयवरून त्याच्या डोक्याचं मॉडेल बनवतात आणि दोन फिटांच्या मधे उठणारे छोटे झटके, म्हणजे 'स्पाइक', कुठून आले ते कॉम्प्युटर शोधतो. हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी काढला 1924 मध्ये. शंभर वर्षांत रेघोट्यांपासून इथवर!

भावाच्या चित्रात ठिपका आला डाव्या कानाच्या आत, जरा पुढे. मी तर उडालोच, सापडलं! डॉक्टर शांतपणे म्हणाले, एवढ्यावर कुणी कापत नाही. व्हिडिओ ईईजी, पेट स्कॅन यांच्याशी हे जुळलं पाहिजे. गरज पडली तर मेंदूत बारीक वायरी घालून खात्री करायची. त्या कुठे घालायच्या, हे ठरवायला हे चित्र कामाचं. आणि बहुतेकांची भाषा डाव्याच बाजूला असते, त्यामुळे ऑपरेशननंतर शब्द पटकन न आठवणं, नावं अडकणं, असं होऊ शकतं.

आत्या म्हणाली, "फिट थांबू दे, बाकीचं बघू." भाऊ रात्री गच्चीवर मला म्हणाला, "दादा, पोरीचं नावच आठवलं नाही तर?" काय बोलणार?

परवा पहाटेच्या गाडीने आम्ही पुण्याला निघतोय. चित्रं बघून नावं सांगायची टेस्ट आहे. ही परीक्षा नाही, असं मी त्याला तीनदा सांगितलं. तरी कालपासून पोरीचं चित्रांचं पुस्तक घेऊन बसलाय. ससा, कुलूप, विहीर, पतंग. आणि ती मधे मधे त्याला सुधारतेय.