कांदळवनांतील संथ नौकाविहार

फुलंब्रीच्या माणसानें नौकाविहारावर बोलावें, याचें कोणास हंसूं येईल. उन्हाळ्यांत आमच्या गिरिजा नदींत कागदाची होडीही चालावयाची नाहीं. परंतु मागें एका तलावावर मींच आग्रह करून कुटुंबाला नावेंत बसविलें. नावाड्यानें माणसें फार भरलीं, जाकिटें दिलीं नाहींत, आणि मध्यावर पाणी आंत आलें. आम्ही कांठ गांठला खरा, पण तेव्हांपासून तिनें नावेचें नांव काढलें नाहीं. दोष नावाड्याइतकाच माझा. त्याची भरपाई म्हणून यंदा नवा बेत आंखला आहे.

स्थळ गोव्यांतील मांडवीच्या पात्रांतलें चोडण बेट. त्याच्या पश्चिम टोंकास डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र अवघें १७८ हेक्टर, पण कांदळवनांतले ओहळ अरुंद व शांत. तेथें कयाक चालते. मूळची ही होडी उत्तर ध्रुवाकडील लोकांची, सीलच्या कातड्यानें मढविलेली. आतां प्लॅस्टिकची, दोघांची, वरून उघडी अशी मिळते. आमच्या वयास तीच बरी. उलटली तरी माणूस आंत अडकत नाहीं.

खरा प्रश्न वेळेचा. ओहोटीला ओहळांत गाळच उरतो, आणि रुतलेली होडी ओढणें साठी उलटलेल्यांचें काम नव्हे. म्हणून आधीं पंचांग उघडावें. कोंकणांतील जुना हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ सुमारानें येते. दशमीस साडेसात. शिवाय हे दिवस भांगाचे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची ओढ तेव्हां नसते. (एकादशीही चालती, पण उपाशीपोटीं वल्हें मारणें मला मान्य नाहीं.) गोव्यांत भरती मुंबईच्या आधीं येते, यास्तव छापील कोष्टकाशीं ताळा पाहावाच. भरतीपूर्वीं तासभर निघावें. जातांना पाणी मागून लोटतें, परततांना तेंच बाहेर आणतें.

वाटाड्या स्थानिकच हवा. जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यांतील मगरी प्रसिद्ध आहेत. कोठें जाऊं नये, हें त्यासच ठाऊक.

हें सारें मीं घरीं वाचून दाखविलें. भरतीविषयीं तिनें कांहींच विचारलें नाहीं. जाकीट कांठावरच मिळेल ना, एवढाच प्रश्न. प्रथम उथळ पाण्यांत सराव असतो, असें सांगितल्यावर म्हणाली, “तेवढ्या पाण्यांत मी बसेन. पुढचें तेथें पाहूं. तुम्हीं मात्र आग्रह करावयाचा नाहीं.”

पौषांतील दशमीच्या बेतांत सरावासाठीं अर्धा तास वाढविला आहे.