कांडी, गळ आणि संध्याकाळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही मजुरी, बोनस अगर महागाई यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ते आम्ही वर्षभर बोलतच असतो आणि आपणही ते पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही मासे धरण्याविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याने आम्हांस एक नवी गळाची काठी आणून दिली. फायबरची, वजनाला हलकी, दोन तुकड्यांत निघणारी, आणि खाली रीळ बसवलेले. लहानपणापासून आम्ही बांबूच्या काठीला दोरा बांधून पंचगंगेवर बसत आलो. काठीची लांबी आणि दोऱ्याची लांबी, तेवढीच आमची नदी! त्यापलीकडचे पाणी आमच्या लेखी नव्हतेच. नवी काठी हाती येताच ते पाणी खुणावू लागले.

आमचे एक जुने सोबती आहेत. तीस वर्षे माग चालवतात. सारे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणतो. एके दिवशी पाच वाजता त्यांना मोटारसायकलवर मागे बसवले आणि गावाच्या वरच्या अंगाला, एका कोल्हापुरी बंधाऱ्यापाशी गेलो. बंधाऱ्याचे बरगे घातलेले होते, पाणी तुंबून संथ झाले होते. मामांनी आपली बांबूची काठी टाकली, विडी पेटवली आणि आमच्या रिळाकडे पाहून म्हणाले, "दादा, कांडी मशीन घेऊन आलासा व्हय नदीवर?"

आम्ही हसलो, पण मामा थट्टेत जे बोलले ते अक्षरशः खरे निघाले. जुन्या तऱ्हेचे रीळ विहिरीच्या रहाटासारखे असे. दोरा ओढला की रहाट फिरायचा, आणि तो दोऱ्यापेक्षा जोरात फिरला की सारा गुंता. नव्या रिळाचे तसे नाही. गळ फेकताना त्याची कांडी जागची हलत नाही; दोरा तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटत जातो. आपल्या गावातल्या पोरालाही ठाऊक आहे की धोट्यातली कांडी नेमके हेच करते. धोटा पळतो, कांडी स्थिर राहते, सूत टोकावरून सुटते.

घरी येऊन आम्ही शोध घेतला. इंग्लंडात ब्रॅडफर्ड म्हणून लोकरीच्या गिरण्यांचे गाव आहे. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गिरणीमालकाने १९०५ साली या तऱ्हेच्या रिळाचे पेटंट घेतले; गिरणीतल्या कांडीवरून ही कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. आपल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. म्हणजे इकडे माग येऊन वर्ष होते न होते, तोच तिकडे कांडी गिरणीतून निघून नदीवर गेली! ती आमच्या हाती यायला मात्र शंभरावर वर्षे लागली.

पण त्या संध्याकाळी आमची फजितीच आधी झाली. गळ बांधायचा होता. सूत जोडण्यात आमचा हात बसलेला. डोळे मिटून विणकराची गाठ मारतो. तीच गाठ आम्ही ऐटीत मारली. तिसऱ्या फेकीला मासा लागला, काठी वाकली, आणि क्षणात सरळ झाली. दोरा तुटला नव्हता, गाठ सुटली होती. विणकराची गाठ सुतासाठी. नायलॉनचा दोरा गुळगुळीत, त्यात ती धरत नाही. खोक्यातल्या इंग्रजी कागदावर निराळी गाठ दाखवली होती. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवावा, स्वतःभोवती पाचसहा वेढे द्यावे, टोक डोळ्यालगतच्या फासातून परत काढावे, आणि घट्ट करण्यापूर्वी थुंकीने ओले करावे. कोरडी गाठ ओढली तर घासून दोरा कमजोर होतो. तो कागद आम्ही घरी वाचला होता. पण वाचलेल्यापेक्षा सवयीवर विश्वास ठेवला. तीस वर्षे इतरांना "नवे यंत्र आले की त्याचे शिक्षण मागून घ्या" असे सांगणारे आम्हीच!

रिळावर एक चक्री असते. तिने दोऱ्याचा ताण ठरतो. त्याहून जास्त ओढ बसली की कांडी मागे फिरून दोरा सोडते. दोरा पाच किलो ओढ सोसणारा असेल तर चक्री सव्वा ते दीड किलोवर ठेवावी, असा ठोकताळा आहे. आम्ही ती पार आवळून टाकली होती. मामांनी चक्री हाताने फिरवून पाहिली आणि म्हणाले, "भीमाचा ताण एवढा ठेवला तर दिवसभर तारच जोडत बसशिला." बीमवर तीस वर्षे घालवलेल्या माणसाला रीळ कोणी शिकवावे लागले नाही. त्यांनी ती चक्री सैल केली, कानाशी नेऊन तिची करकर ऐकली आणि लहान मुलासारखे हसले.

आम्ही म्हटले, "मामा, आता तुम्ही फेका."

त्यांनी मनगटावर पाहिले. सव्वासात झाले होते. आठची पाळी होती. विडी विझवून ते उठले. सायकलवरून एक ओळखीचे पोरगे चालले होते, त्याच्या मागे बसून निघून गेले.

ते गेल्यावर काळोख दाटताना आम्हांस मासा लागला. एक शिंगाळा, अर्ध्या किलोच्या आतला. दोनदा ओढ घेऊन पळाला, दोन्ही वेळा चक्रीने करकर करीत दोरा सोडला, आणि तिसऱ्या वेळी तो काठाला आला. मामांच्या हाताने लावलेल्या ताणावर तो आला. मामा त्या वेळी मागापाशी उभे होते.

बंधुभगिनींनो, १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणीकामगाराला आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. मामांची पाळी बारा तासांची आहे. रात्रपाळी असली तर आठला चढतात, दिवसपाळी असली तर आठला सुटतात. दोन्हीकडून संध्याकाळ जाते. ज्याच्या कांडीवरून हे रीळ निघाले, त्याच्याकडे ते फेकायला वेळ नाही.

नवी साधने येतील. ती यावीत. त्यांना आम्ही शत्रू मानत नाही. त्यांची गाठ शिकली पाहिजे, हे आम्ही एक मासा गमावून शिकलो. पण यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आम्ही विचारीत राहणार. मजुरीचा हिशेब सारेच करतात. संध्याकाळचा हिशेबही मांडला पाहिजे.

ती काठी सध्या युनियनच्या कचेरीत कोपऱ्यात उभी आहे. चक्री मामांनी ठेवली तशीच सैल आहे. आम्ही तिला हात लावलेला नाही.